सगळ्यांचं भलं म्हणजे नेमकं कुणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, परभणी जिल्ह्यात. टर्म संपली पण सवय गेली नाही, म्हणून दर रविवारी तालुक्याच्या एका अभ्यासिकेत पोरापोरींसोबत बसते. बहुतेक जण एमपीएससीवाले, त्यामुळं अर्धे प्रश्न पुस्तकातले येतात आणि अर्धे घरचे, आणि घरचे जास्त अवघड असतात. तेच तेच परत परत सांगून घसा बसला म्हणून एकदाचं टाइप करून ठेवलं. काही ठिकाणी माझं मत आहे, ते तुम्हाला पटलंच पाहिजे असं काही नाही.

ताई, ही 'सगळ्यांचं भलं' काय भानगड आहे? सोप्यात सांगा.

पांदण रस्ता घ्या. शिवारात जायचा रस्ता, दोन्ही बाजूनी रानं. माझ्या सासूबाई सांगतात की त्यांच्या लग्नात त्या रस्त्यानं दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी आरामात जायच्या. मग दरवर्षी पेरणीच्या वेळी ह्यानं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घातलं, त्यानं एक तास आत घातलं, आणि आता एक मोटरसायकल जाते ती पण पावसाळ्यात नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढून ठेवलं आणि वरून पाऊस आला की मळणी यंत्र आत जात नाही, ट्रॅक्टर फसतो, डोक्यावर कट्टे वाहायचे, भिजलेल्या मालाला मोंढ्यात भाव पडतो. हिशोब केला तर प्रत्येकाला वाढीव रान मिळालं असेल एखादा गुंठा, आणि गेला सगळ्यांचा रस्ता, ज्यानं कोरला त्याचा पण.

तर असा रस्ता, जो वाटून घरी नेता येत नाही आणि एकट्यानं टिकवताही येत नाही, त्याला मी सगळ्यांचं भलं म्हणते. रेशनचं धान्य वाटता येतं, तुझे पाच किलो माझे पाच किलो. रस्ता तसा वाटता येत नाही. स्वच्छ पाणी, गावातला विश्वास, जिथं मास्तर रोज येतात अशी शाळा, पेशंटची जात न विचारणारा दवाखाना, हे सगळं त्याच जातीतलं.

शब्द कुठलाही वापरा, लोकहित, सार्वजनिक हित, सामूहिक हित, लोककल्याण. 'सार्वजनिक' हा खरं तर किती चांगला शब्द होता, पण आता सार्वजनिक संडास म्हणलं की माणूस आधी नाकाला रुमाल लावतो. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असा त्याचा अर्थ आपणच करून ठेवला.

जास्त लोकांचं भलं तेच सगळ्यांचं भलं ना? सगळ्यांना खूश ठेवणं कसं शक्य आहे?

ह्या प्रश्नावर मी नेहमी अडून बसते. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे इंग्लंडच्या बेंथम नावाच्या विचारवंताचं गणित आहे आणि ऐकायला एकदम बरोबर वाटतं. आपल्याकडं आकाशवाणीचं ब्रीद आहे, बहुजन हिताय बहुजन सुखाय, मूळ बुद्धवचनातलं, त्याचा पण लोक असाच अर्थ लावतात की मोजा डोकी.

मग महाडचं चवदार तळं मोजून बघा. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं पण तळं खुलं केल्याचा ठराव घेतला. मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथं जाऊन खरंच पाणी प्यायले आणि त्याच वर्षी त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. रीतसर, मतानं. तळं खुलं असल्याचा निकाल मुंबई हायकोर्टात लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे बहुमत होतं, कागद होता, सही-शिक्का होता, फक्त सगळ्यांचं भलं नव्हतं. आता तुमच्या गावची पाइपलाइन बघा कुठं संपते. आमच्या गावात तीन वेळा नळयोजना झाली आणि तिन्ही वेळा निधी संपायची जागा एकच, वस्तीच्या अलीकडचं वळण. नव्वद टक्के घरांना पाणी आलं म्हणून फटाके वाजवले लोकांनी. उरलेल्या दहा टक्क्यांत कोण राहतं हे विचारायची गरज नाही.

सगळ्यांना खूश ठेवणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याचं नुकसान होणार त्याच्या तोंडावर कारण सांगता आलं पाहिजे, आणि दर वेळी नुकसान एकाच घराच्या वाट्याला येता कामा नये. एवढं तर जमायला हरकत नाही.

हे सगळं पाश्चात्य लोकांनी शोधलंय का? पेपरला विचारतात म्हणून.

पेपरपुरतं सांगते. अॅरिस्टॉटल म्हणतो की जे राज्य सगळ्यांच्या हितासाठी चालतं ते नीट आणि जे राज्य करणाऱ्याच्या फायद्यासाठी चालतं ते बिघडलेलं, मग राज्य करणारा एक असो नाहीतर शंभर. थॉमस अक्वायनस कायद्याची व्याख्याच अशी करतो की तो सामूहिक हितासाठी असला पाहिजे. रूसोनं १७६२ मध्ये फरक सांगितला की प्रत्येकाच्या इच्छेची बेरीज वेगळी आणि समाज म्हणून आपली इच्छा वेगळी. पांदण रस्ता आठवा, लगेच कळेल. प्रत्येकाला एक तास पाहिजे होतं, रस्ता जावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

आपल्याकडं गांधीजींनी सर्वोदय म्हणलं, म्हणजे शेवटच्यापासून सुरुवात. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्यावर व्याख्यान वगैरे लागलं नसावं. आणि नाथांची, म्हणजे संत एकनाथांची, गोष्ट तर पैठणच्या पट्ट्यात लहान लेकराला पण माहीत असते, देवासाठी आणलेलं कावडीतलं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं ती. खरी का दंतकथा ते सोडा, पण चारशे वर्षं लोक ती सांगतायत.

घटनेत हे कुठं आहे?

कलम ३९ चा ख आणि ग. समाजातल्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि ताबा सामूहिक हिताला उपयोगी पडेल असा वाटला जावा, आणि संपत्ती मोजक्या हातात साठून बाकीच्यांचं नुकसान होऊ नये, असं राज्यानं धोरण ठेवायचं. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे कलम ३७ प्रमाणे कोर्टात जाऊन मागता येत नाही पण कारभाराला पायाभूत आहे. पोरं म्हणतात मग उपयोग काय? उपयोग हा की सरकारनं तसा कायदा केला तर तो का केला ह्याला आधार मिळतो.

त्यावर ५ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल वाचा, तो सध्या सारखा विचारतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींवरून सुरू झालेलं प्रकरण. बहुमतानं सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची साधनसंपत्ती' होत नाही, पण काही होऊ शकतात. ती वस्तू कसली आहे, किती दुर्मिळ आहे, मोजक्या हातात गेली तर समाजावर काय परिणाम होईल, हे बघून ठरवायचं. मला हा निकाल ठीक वाटतो. तुमचं दोन खोल्यांचं घर आणि डोंगराखालचा पाण्याचा साठा ह्यात फरक आहे, हे कोर्टानं सांगायच्या आधी पण आपल्याला कळायला पाहिजे होतं.

म्हणजे सरकार 'लोकहित' म्हणून माझी जमीन घेऊ शकतं?

घेऊ शकतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्ता हा मूलभूत हक्क राहिलेला नाही, ३००-क मध्ये एवढंच की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. आधी इंग्रजांचा १८९४ चा कायदा होता, त्यात 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द म्हणले की संपलं, शेतकऱ्यानं फक्त रकमेवर भांडायचं. २०१३ च्या कायद्यानं सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, मोबदला वाढवला, खाजगी कंपनीसाठी घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती संमतीची अट नाही, हे नीट लक्षात ठेवा, पेपरसाठी पण आणि घरासाठी पण.

आता शक्तिपीठ महामार्ग. नागपूरकडून गोव्याकडं जाणारा सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता, आपल्या हिंगोली नांदेड परभणी बीड लातूर धाराशिव मधून आखलेला. मोजणीला आलेल्या लोकांना बायांनी रानातून परत पाठवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. रस्ता वाईट आहे असं मी म्हणणार नाही, समृद्धी महामार्गाच्या वेळी जालन्याकडच्या काही लोकांनी चांगले पैसे घेतले, काहींनी दुसरीकडं रान घेतलं, काहींनी गाड्या घेतल्या आणि आता गाडीचे हप्ते पण थकलेत. पण 'सगळ्यांच्या भल्यासाठी' म्हणणाऱ्यानं हे सांगावं की हा रस्ता मागितला कुणी होता. पांदण रस्त्याचे अर्ज आमच्या पंचायतीत ढीगभर होते, महामार्गाचा एक पण नव्हता.

नगर-नाशिकवाले जायकवाडीला पाणी सोडत नाहीत, हे सगळ्यांच्या भल्यात बसतं का?

बसत नाही. पण पूर्ण उत्तर ऐका, अर्धं ऐकून टाळ्या वाजवू नका.

जायकवाडी, म्हणजे पैठणचं गोदावरीवरचं धरण, भरायचं ते वरून आलेल्या पाण्यावर, आणि वर गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात धरणं होत गेली. तिकडचे म्हणतात पाणी आमच्या डोंगरात पडलं. आपण म्हणतो नदी कुणाच्या बापाची नाही. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, त्याच्या कलम १२(६)(ग) चा अर्थ असा की टंचाईच्या वर्षी तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची, वरच्यानं पोट भरून खालच्याला उपाशी ठेवायचं नाही. मग मेंढेगिरी समिती झाली, तिच्या सूत्राप्रमाणं १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून सोडायचं. २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश, २०१६ ला हायकोर्टाचा निकाल. तरी पण दर दुष्काळात परत आंदोलन, परत कोर्ट, आणि सुटलेलं पाणी पोचेपर्यंत अर्धं नदीच पिऊन टाकते.

आता दुसरी बाजू. पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्याचं शेपूट आमच्या परभणीत. वरच्यांची रोटेशन, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, झाल्या की आमच्या चारीला, कालव्याच्या छोट्या फाट्याला, किती पाणी येतं ते येऊन बघा, काही वर्षी नुसती वेडी बाभळ असते चारीत. मध्ये कोण अडवतं? नाशिकवाले नाही. आपलेच, रात्री कालव्यात पाइप टाकून बसलेले. त्यांना विचारलं तर उत्तर एकदम नाशिकवाल्यांचंच, की आमच्या दारावरून चाललंय.

आणि लातूर विसरू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लावलं होतं. माझी बहीण तेव्हा लातुरात भाड्यानं राहायची, आठ दिवसाला टँकर, आणि ती फोनवर पहिलं हेच सांगायची की आज किती घागरी मिळाल्या, जेवली का हे नंतर. आणि त्याच मांजरा खोऱ्यात ऊस उभा होता. ऊस लावणारा वाईट माणूस नाही, कारखाना हमखास घेतो आणि सोयाबीनचा भाव असा की विचारूच नका, त्याच्या जागी मी असते तर मी पण लावला असता. प्रत्येकाचा निर्णय शहाणा आणि सगळ्यांचा मिळून वेडेपणा.

पण माझ्या रानातलं बोअरचं पाणी तर माझंच ना? रान माझं, पैसा माझा.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून असंच धरून चाललंय की रानाखालचं पाणी रानवाल्याचं. पण पाण्याला कुठं बांध असतो? महाराष्ट्रात १९९३ ला पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा आला, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायची नाही. २००९ चा मोठा कायदा नंतर आला. कागद आहे भरपूर.

आमच्या गावात काय झालं ते सांगते. गावाची नळयोजनेची विहीर ओढ्याकाठी. फेब्रुवारीपर्यंत मोटर चार तास चालायची, त्या वर्षी मार्चमध्ये चाळीस मिनिटांत फसफस करायला लागली. बघायला गेलो तर वरच्या अंगाला नवीन बोअर, मोसंबीच्या बागेत. टेप लावला, दोनशे मीटर पण नाही भरलं. बागवाले नात्यानं माझे दीर लागतात. अर्ज दिला, कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, पंचनाम्याची तारीख पडली ती जूनची. जूनमध्ये पंचनामा करायला पाणी वरूनच येतं की.

मग पारावर बैठक बोलावली. भाऊजी म्हणले, "कामून बंद करू? चारशे झाडं हायेत, सहा वर्षं लेकरावानी जपली, बँकेचं कर्ज हाय डोक्यावर. मोसंबी वाळली तर मला कोण पोसणार, गाव?" आणि खरं सांगू, कुणाकडं उत्तर नव्हतं. पोरं ओरडत होती मोटर तोडा म्हणून, त्यांना गप्प बसवलं. तेवढ्यात मागं बसलेली एक म्हातारी म्हणली, "बाबा, तुझी माय कुठलं पाणी पिती रं?" त्यांच्या घरी नळ ह्याच योजनेचा होता. बागेतल्या बोअरचं पाणी घरापर्यंत न्यायला पाइप नव्हता, आणि त्यांची आई पण रोज त्याच नळाची वाट बघत बसायची. सगळे हसले, भाऊजी पण हसले, आणि मग बोलणं सुरू झालं. तोपर्यंत नुसतं भांडण होतं.

ठरलं काय तर बागेची मोटर एक दिवसाआड दोन तास, जुलैपर्यंत, आणि पंचायत गाळ काढायच्या यादीत त्यांच्या बागेजवळचा नाला पहिला घेणार. पुढं काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते पण सारखं विचारतात.

जाता जाता शेततळ्याचं. पावसाचं पाणी साठवायला चांगली गोष्ट. पण प्लॅस्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी उपसून भरून ठेवायचं, म्हणजे जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर काढून आपल्या हौदात घातलं, वर उन्हानं उडतं ते वेगळंच. असल्या तळ्यासोबत सेल्फी काढून पाणीदार शेतकरी म्हणवून घेणाऱ्यांना माझा नमस्कार.

कॉलेजात शिकवतात की सामाईक गोष्टीचं वाटोळं ठरलेलंच. मग सोडून द्यायचं का?

ते गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं, १९६८. सामाईक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण संपणार, म्हणून एकतर खाजगी करा नाहीतर सरकारच्या हातात द्या. त्यावर एलिनोर ऑस्ट्रॉम बाईंनी उभं आयुष्य घालवून दाखवलं की असं ठरलेलं वगैरे काही नसतं. जिथं लोकांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण केली, चुकणाऱ्याला आधी छोटा दंड आणि मग मोठा, आणि भांडण मिटवायला जवळची जागा ठेवली, तिथं सामाईक गोष्टी शेकडो वर्षं टिकल्यात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, बायकांमध्ये पहिलं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचं पाणी-कोर्ट दर गुरुवारी चर्चच्या दारात भरतं, वकील नाही, तोंडी निकाल. आपल्या शेजारी खानदेशात फड पद्धत होती, बंधाऱ्याचं पाणी कुणी किती कधी घ्यायचं हे लोकच ठरवायचे, पाणी सोडायला पाटकरी ठेवायचे. जालन्याचं कडवंची गाव बघून या, १९९६ च्या आसपास पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत केलं, आता द्राक्षं आहेत तिथं. मी गेले होते, कौतुक वाटलं आणि थोडी जळफळ पण झाली.

गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हणणं हे सगळ्यांच्या भल्याचंच ना?

कुणाची अतिक्रमणं ते बघू आधी. गायरान हे गावाचं, गुरांसाठी, बरोबर. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये जगपाल सिंग निकालात सांगितलं की गावच्या सामाईक जमिनी बळकावलेल्यांना हटवा. गावातली मोठी माणसं हा निकाल मोबाईलवर घेऊन फिरतात. पण त्याच निकालात अपवाद लिहिलाय, सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना दिलेल्या जमिनी आणि तिथं आधीच शाळा-दवाखाना असेल तर. तेवढा परिच्छेद फॉरवर्ड होत नाही.

मराठवाड्यात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर नाव नव्हतं त्यांनी गायरान कसलं ते पोटासाठी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि परत १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंगात गेले. पुढं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय झाला तरी कागद हातात पडायला लोकांच्या चपला झिजल्या. आमच्याकडं दोन एकर गायरान कसणाऱ्या विधवेला नोटीस आली तेव्हा सगळं गाव 'सामूहिक हित' बोलायला लागलं, आणि स्टँडजवळ गायरानातच दोन मजली दुकानं आहेत त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मी काढला. पुढच्या निवडणुकीत तिकडच्या गल्लीतून मला अकरा मतं पडली.

मी पुण्यात नोकरी करतो, गावच्या भल्याशी माझा काय संबंध?

सॅलरी स्लिप काढ. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ ला महाराष्ट्रात आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. लोकांना काम मागायचा हक्क मिळावा म्हणून वि. स. पागेंनी ती योजना १९७२ च्या दुष्काळाच्या आधीच मांडली होती, दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, आणि १९७७ ला कायदा झाला, देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधी. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या बाईच्या हाताला काम. आणि त्यात दोघं एकमेकांना ओळखत पण नाहीत! मला विचाराल तर ह्या राज्यानं केलेली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे. ज्यांच्या आजीनं बहात्तरचा तलाव खोदलाय त्यांना विचारा, दुष्काळात मिळालेल्या मिलो ज्वारीची चव पण सांगतील.

लाडकी बहीण सारख्या योजना लोकहितात येतात का?

मी त्या १,५०० वर हसणाऱ्यातली नाही. आमच्या गल्लीत पहिल्यांदा बाईच्या नावावर पैसे आले आणि तिनं कुणाला न विचारता चष्मा केला. पण ते तिचं भलं, तिच्या खात्यातलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असणं हे खात्यात येत नाही. दोन्ही पाहिजे, एकाच्या बदल्यात दुसरं देतो म्हणलं की सावध व्हा.

आणि आरक्षण? ह्यावर बोला की ताई.

बोलले की अभ्यासिकेत दोन गट पडतात आणि चहा पण वेगवेगळा होतो, तरी बोलते. हजारो वर्षं ज्याला पंगतीत बसू दिलं नाही त्याला पान वाढणं हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे, ह्यात मला शंका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलेलंच आहे की राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ चालला तर लोकशाहीच धोक्यात येईल. पण कुणाला किती टक्के हे भांडत असताना भाकरी केवढी आहे, भरती किती वर्षं निघाली नाही, हे विचारायचं राहून जातं, आणि ते दोन्ही गटांनी एकत्र विचारावं अशी माझी इच्छा आहे. जास्त नाही बोलत.

सप्ता, भंडारा, जयंत्या ह्याला वर्गणी लगेच जमते, शाळेच्या पत्र्याला जमत नाही. असं का?

कारण सप्त्याची पंगत दिसते आणि बोर्डावर नाव लागतं. पण त्यालाच नावं ठेवून भागत नाही. पाचशे माणसांचा स्वयंपाक, भाकरी कोणत्या घरानं किती द्यायच्या, वाढपी कोण, हिशोब कोण वाचणार, हे सगळं आपल्या लोकांना सरकारी ट्रेनिंगशिवाय येतं. संभाजीनगरजवळचं पाटोदा बघा, भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट केलं. पैसा कुठं गेला ते पिठात दिसलं की लोक देतात.

नेता म्हणतो जनतेच्या हितासाठी पक्ष बदलला. खरं समजायचं का?

जनतेला आधी विचारलं होतं का? नाही ना. चला पुढं.

ग्रामसभेला कुणी येतच नाही, मग कसलं सगळ्यांचं भलं?

गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला कमीत कमी, १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. ही खुबी सगळ्यांना माहीत आहे. मग चारपाच जण बसून ठराव करतात आणि रजिस्टर घरोघर सह्यांना फिरतं. मी नवीन होते तेव्हा माझी सही घ्यायला पण रजिस्टर घरी यायचं, म्हणायचे वहिनी तुम्ही कशाला त्रास घेता. अर्ध्या जागा बायकांना २०११ पासून आहेत, पण खुर्चीवर नवरा. पहिल्यांदा मी स्वतः जाऊन बसले तर शिपायानं चहा नवऱ्याच्या नावानं मागवला.

एक करा, सभेच्या आधी महिला सभा घ्या आणि ती दुपारी दोनला घ्या, संध्याकाळी नको, संध्याकाळी चूल असते. आमच्याकडं वेळ बदलली आणि बारा बायांच्या चाळीस झाल्या. पहिल्याच सभेत वस्तीच्या वळणावर संपणारी पाइपलाइन निघाली.

शेवटी त्या मोसंबीच्या मोटरीचं काय झालं?

तीन आठवडे ठरल्याप्रमाणं चाललं. मग एका रात्री तीनला बागेत मोटरीचा आवाज आला, पोरांनी व्हिडिओ काढला, परत पार, परत बैठक. भाऊजी म्हणले चुकलं, पण झाडं डोळ्यासमोर वाळताना बघवत नाही. कुणी जास्त बोललं नाही. नाला त्यांच्या बाजूचा पहिला काढून दिला, ते शब्दाला जागले नाहीत तरी. जुलैपर्यंत विहीर कशीबशी पुरली, त्यांची साठेक झाडं गेली. माझ्यावर राग अजून आहे, पोरीच्या लग्नाची पत्रिका आली नाही, पण म्हातारीला आली.

वस्तीपर्यंत पाइप गेला, नळाला तोट्या नाहीत अजून. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला आणखी दोन बोअर झालेत, एक माझ्या चुलत सासऱ्यांचं आहे. यंदा पाऊस बरा झालाय, विहीर काठोकाठ आहे, त्यामुळं कुणी विषय काढत नाही. मार्चमध्ये विचारा.